राघूची क्रियापदं

राघूचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतंच. बोलायला लागल्यापासून पोराचं तोंड मिटायचं नाही, म्हणून आजोळी कुणीतरी राघू म्हटलं आणि तेच चिकटलं. जन्माच्या वेळी सिस्टरने बाहेर येऊन "मुलगी झाली" म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे घरात, शाळेत, शेजारीपाजारी सगळे "ती"च म्हणत. या गोष्टीत मात्र त्याला पहिल्यापासून "तो"च म्हणायचं, कारण तो तोच होता. घराला ते कळायला वेळ लागला, एवढंच.

राघूच्या वडिलांची ड्रायव्हिंग स्कूल होती. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, आणि आयुष्यातले सगळे प्रश्न त्या ब्रेकने सुटतात असा मास्तरांचा समज होता. शाळा सुटली की राघू मागच्या सीटवर येऊन बसायचा आणि शिकणाऱ्यांना सल्ले द्यायचा. "काका, क्लच! काकू, आरशात बघा, चेहरा नाही, मागचा ट्रक!" शिकणारे हसायचे. मास्तर डोळे वटारायचे, पण मनातून खूश असायचे. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि काचा बदलत विचारायची, "आता नीट दिसतंय? की आधीचं बरं होतं?"

असं हे बोलकं पोर पंधराव्या वर्षी हळूहळू गप्प झालं. आधी फोनवर बोलणं थांबलं, मग पाहुण्यांशी, मग जेवताना. मास्तरांना वाटलं, वय आहे. आईला वाटलं, टॉन्सिल्स. एका दुपारी राघूने स्वयंपाकघरातल्या कात्रीने आपले लांब केस कानापाशी कापले आणि घाबरून उभ्या राहिलेल्या आईला एकच वाक्य सांगितलं, "आई, मी मुलगी नाही."

आईने ते पोटात ठेवायचा प्रयत्न केला, पण तिच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळी मास्तरांच्या कानावर गेलं आणि घरात स्फोट झाला. "हे खूळ आलं कुठून? मोबाइल काढून घ्या आधी!" मास्तरांनी इथेही ब्रेक दाबला होता. गाडी मात्र थांबली नाही, नुसती बंद पडली. त्यानंतर राघू जवळजवळ मुकाच झाला. कॉलेजात तोंडी परीक्षेला बाईंनी विचारलं, "स्वतःबद्दल दोन शब्द सांग," तर तो नुसता उभा राहिला. शेवटी त्यांनीच "बस" म्हटलं.

घशाच्या डॉक्टरांनी गळा ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग कुणीतरी शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या मनोविकारतज्ज्ञांचं नाव सुचवलं. ते सरकारी रुग्णालयात विभागप्रमुख होते आणि संध्याकाळी खासगी दवाखाना चालवत. विद्यार्थी त्यांना थोरले सर म्हणत. माणूस वाईट नव्हता. हात मऊ, आवाज मऊ, बाहेर रांग मोठी. त्यांनी मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं, राघूकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "वयात येताना काही मुलींचं असं होतं. हट्ट असतो. गोळ्या देतो. केस वाढू द्या, मुलींचे कपडे आणा, मैत्रिणींत मिसळू द्या. निघून जाईल."

काहीच निघून गेलं नाही. राघूची शुद्ध तेवढी हरपली. गोळ्यांच्या गुंगीत तो दुपारपर्यंत झोपायचा, उठला की भिंतीकडे बघत बसायचा. ताट तसंच परत जायचं. एका सकाळी कॉलेजच्या जिन्यावर त्याला भोवळ आली. दोघा मित्रांनी त्याला रिक्षात घालून रुग्णालयात आणलं. सलाईन लागलं, आणि कुणीतरी वरच्या मजल्यावरून मनोविकार विभागाच्या डॉक्टरबाईंना बोलावलं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या. थोरल्या सरांच्याच विद्यार्थिनी. लहानपणी कान फुटल्यामुळे त्यांना डाव्या कानाने फारसं ऐकू यायचं नाही, म्हणून त्या समोरच्याकडे उजवा कान करून, जरा तिरक्या बसत आणि शब्दन् शब्द टिपून घेत. बोलणाऱ्याला त्याचा फायदाच व्हायचा. कुणी डोळ्यांत रोखून बघत नाही म्हटल्यावर माणूस सैल होतो.

त्यांची खोली लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला होती. त्या दारात शिरण्याआधी लोक मागे वळून बघत, ओळखीचं कुणी नाही ना म्हणून. आत एक टेबल, फडताळ, खडखडणारा पंखा आणि खिडकीखाली रुग्णवाहिका धुण्याची जागा. पहिल्या भेटीत मास्तर आणि आई दोघंच बोलले. राघू पंख्याकडे बघत होता. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही दोघं बाहेर बसा. चहा घ्या, इथला वाईट असतो, पण गरम असतो."

दार लागल्यावरही राघू फारसं बोलला नाही. पण बाईंनी प्रश्नांचा मारा केला नाही. झोप कशी आहे, भूक लागते का, जीव नकोसा होतो का, हे सरळ विचारलं. शेवटच्या प्रश्नावर त्याने मान हलवली, हो अशी. बाई घाबरल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाल्या. "आपण यावर रोज लक्ष ठेवू. मी, तू आणि तुझी आई. एकट्याने करायचं काम नाही हे." त्यांनी गुंगीच्या गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या, उदासीवर वेगळं, हलकं औषध सुरू केलं आणि त्याला दर आठवड्याला यायला सांगितलं.

तो येत गेला. हळूहळू दोन दोन वाक्यं बोलू लागला. बाईंचा उजवा कान मात्र कशावर तरी अडखळत होता. काय ते त्यांना कळत नव्हतं. एके दिवशी त्यांनी विचारलं, "उशीर झाला आज?"

"बस चुकली."

"जेवण केलंस की अजून..." बाई मुद्दाम थांबल्या.

"जेवण झालं."

आणि बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"राघू, एक गंमत सांगू? इतक्या दिवसांत तू एकदाही 'मी आले' असं म्हटलं नाहीस. 'मी आलो' असंही नाही. बस चुकते, जेवण होतं, झोप लागते. तू स्वतः काहीच करत नाहीस. आपल्या भाषेत हे फार अवघड काम आहे बरं. मला नसतं जमलं."

राघूचा चेहरा एकदम लाल झाला. चोर पकडला गेल्यासारखा. मग त्याचे डोळे भरून आले.

"दार बंद आहे," बाई म्हणाल्या. "तुला हवं तसं म्हण. चुकीचं वाटलं तर पुढच्या वाक्यात बदल. इथे कुणी गुण कापत नाही."

खाली कुणीतरी रुग्णवाहिकेवर पाण्याचा पाइप धरला होता. मग राघू अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मी... थकलोय."

"बरं."

"खूप थकलोय. मी रोज ठरवतो की आज बोलायचं, आणि मग..." तो थांबला. आपल्याच आवाजाचं त्याला नवल वाटत होतं. "मी ठरवतो," तो पुन्हा म्हणाला, आणि ओल्या डोळ्यांनी हसला.

त्या दिवशी बाईंना पुढचा रुग्ण आत घ्यायला फार उशीर झाला.

सोपं झालं असं मात्र नाही. बाईंनी आईवडिलांना समोर बसवून सांगितलं, "तुमच्या मुलाला उदासी आहे, ती बरी होईल. होतेच आहे. पण तो स्वतःला मुलगा म्हणतो, तो आजार नाही. त्यावर औषध नाही, आणि शोधूही नका."

"तो?" मास्तर उठूनच उभे राहिले. "मॅडम, आम्ही मुलीला बरं करायला आणलं तुमच्याकडे. तुम्ही तिच्या डोक्यात आणखी भरवताय!"

"मी काही भरवलं नाही. मी ऐकलं."

"ऐकायला काय जातं हो! पुढे ही कापाकापीपर्यंत जाईल, मग कुणाच्या तोंडाकडे बघायचं आम्ही?"

"तसलं काही कुणी ठरवलेलं नाही. पुढच्या गोष्टी पुढे, तो मोठा झाल्यावर, सगळ्यांनी विचार करून. घाई त्यालाही नाही, मलाही नाही. आज फक्त त्याला त्याच्या नावाने हाक मारा आणि जेवायला बसवा. तेवढं जमेल?"

मास्तर दार आपटून गेले. आई मागे घुटमळली. "डॉक्टर, रात्री त्याच्या... तिच्या... खोलीतून गुणगुणल्याचा आवाज आला काल. कितीतरी महिन्यांनी," ती म्हणाली, आणि पदर नसताना पदराने डोळे पुसावेत तशी बाही डोळ्यांना लावून नवऱ्यामागे धावली.

मास्तर तडक थोरल्या सरांकडे गेले. आपल्या गोळ्या आपल्याच विद्यार्थिनीने बंद केल्या हे सरांना पहिल्यांदा तिथेच कळलं. ते रागावले नाहीत, पण दुखावले. विभागात अशा अडलेल्या प्रकरणांवर सगळे डॉक्टर मिळून चर्चा करत. सरांनी राघूचं प्रकरण त्या बैठकीत ठेवलं. त्यांचं मत ठरलं होतं. मुलीला वॉर्डात भरती करायचं, जुनी औषधं पुन्हा सुरू करायची, आणि उपचार सर स्वतः बघणार. मास्तर सही करायला तयार होते.

डॉक्टरबाईंनी राघूला सगळं आधीच सांगून टाकलं. "तुला यायचं नसेल तर नको येऊस. मी बोलेन तुझ्या बाजूने. पण मी बोलले तर ते माझं मत असेल."

राघूने जरा विचार केला. "मी येतो," म्हणाला.

बैठकीची खोली म्हणजे एक लांब टेबल, भोवती शिकाऊ आणि मुरलेले डॉक्टर, भिंतीवर घासून पुसट झालेला पांढरा फळा. मास्तर आणि आई दाराजवळच्या खुर्च्यांवर अवघडून बसले होते. थोरल्या सरांनी प्रकरण मांडलं, नीट, मुद्देसूद. "मुलगी जवळजवळ वर्षभर बोलत नाही," ते म्हणाले. "नैराश्य गंभीर आहे. स्वतःविषयी भ्रामक कल्पना आहेत. भरतीला पर्याय नाही."

वीस वर्षं ज्यांना "सर, सर" केलं, त्यांच्यासमोर उभं राहणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. डॉक्टरबाई उठल्या. "सर, वजन वाढलंय. झोप सुधारली आहे. जीव द्यावासा वाटणं थांबलंय. मी यात एकच गोष्ट केली, त्याला मुलगी करायचा प्रयत्न केला नाही. भ्रम म्हणजे काय ते मला तुम्हीच शिकवलंत. हा त्यात कुठेच बसत नाही. आणि बोलण्याचं म्हणाल, तर तो इथेच आहे. त्यालाच विचारू या."

सर राघूकडे वळले. आवाज नेहमीसारखाच मऊ. "बाळ, तू बोलत का नाहीस?"

राघू उभा राहिला. कापलेले केस आता जरा वाढले होते, आईनेच नीट कापून आणले होते. त्याने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही की खूण केली नाही. फक्त खुर्ची तिरकी केली आणि चांगला कान त्याच्याकडे वळवला.

"बोलतो की," राघू म्हणाला.

दाराजवळ आईने श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

"सर, तुमच्या दवाखान्यात तुम्ही मला विचारलं होतंत, जेवलीस का. याचं उत्तर काय देणार मी? 'जेवले' म्हटलं की ते खोटं. 'जेवलो' म्हटलं की घरी आई रडणार, बाबा ओरडणार. मग मी युक्ती काढली. 'जेवण झालं.' झोप लागली, बस आली, पाऊस पडला. वर्षभर मी हवामान खात्यासारखा बोलत होतो. सगळं आपोआप होतंय, करणारा कुणी नाहीच."

टेबलाच्या टोकाला एक शिकाऊ डॉक्टर फसकन हसला आणि ओशाळला. राघूला त्या हसण्याने जोर आला. मागच्या सीटवरचा जुना राघू जागा झाला.

"पण युक्ती तरी किती पुरणार? 'स्वतःबद्दल सांग' म्हटलं की संपलं. तिथे पाऊस पाडता येत नाही. मग मी ठरवलं, तोंडच नको उघडायला."

"पण हे तुझ्या डोक्यात घातलं कुणी?" सरांनी विचारलं.

"कुणीच नाही, सर. उलट काढायलाच सगळे बसले होते."

आता खोलीभर हसू पसरलं. सरांच्याही ओठांचा कोपरा हलला.

"या डॉक्टरांनी सांगितलं तुला, तू मुलगा आहेस म्हणून?"

"नाही. त्यांनी सांगितलं काहीच नाही, विचारलं फक्त. आणि म्हणाल्या, मत बदललं तरी चालेल, दार उघडंच आहे. मी पुष्कळ विचार केला. मत नाही बदललं."

"आणि माझी औषधं? त्यांचा काही उपयोग झाला?"

राघूने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "झोप आली, सर. भरपूर आली. पण जाग आल्यावर मी तोच होतो."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे? शेवटी सही तुमची आहे."

मास्तर उभे राहिले. दोन्ही हातांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली, स्टिअरिंग धरावं तशी. "साहेब," ते म्हणाले, "मी क्लच-ब्रेकवाला माणूस. यातलं मला काही कळत नाही. मुलगा की मुलगी, मला आत्ता, या क्षणी, सांगता येणार नाही. पण माझं पोर बोलतंय. वर्षभर घरात भांड्यांचा आवाज होता फक्त. मला वाटलं होतं, संपलं. आणि आज माझं पोर इथे तुम्हा सगळ्यांना हसवतंय." त्यांनी नाक ओढलं. "सही करायला आलो होतो. नाही करत. या मॅडमनी जे चालवलंय तेच चालू द्या."

थोरल्या सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि डॉक्टरबाईंकडे पाहिलं.

"गोळ्या कमी कशा केल्यात?"

"हळूहळू, सर. टप्प्याटप्प्याने."

"बरोबर केलंत," सर म्हणाले. "पुढे चालू ठेवा."

घरी जाताना राघू मागच्या सीटवर होता आणि त्याचं तोंड थांबत नव्हतं. तो शिकाऊ डॉक्टर कसा हसला, फळा कसा घाणेरडा होता, सरांच्या शर्टाचं बटण कसं चुकीच्या काजात गेलं होतं, "आणि बाबा, तुम्ही खुर्ची अशी धरली होती, मला वाटलं आता गिअर टाकताय." चौकात सिग्नल लागला. आई मागे वळून म्हणाली, "अरे, गप बैस जरा, बाबांना गाडी तरी चालवू दे!"

अरे. ती म्हणून गेली आणि तिचं तिलाच कळलं. तोंडावर हात ठेवून ती पुढे बघत राहिली. सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी सगळ्या गावाला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना पहिला गिअर काही सापडेना.

पुढची दोन वर्षं सरळ रस्त्याची नव्हती. मामाने घरी येणं बंद केलं. कॉलेजात कुणी कुजबुजलं, कुणी पाठीशी उभं राहिलं. आई दारात "आलीस?" म्हणायची आणि जीभ चावून "आलास?" करायची, राघू म्हणायचा, "दोन्ही आलो, चहा दे." मास्तर बरेच दिवस "पोर"वरच अडून होते. मग एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मास्तर, मागच्या सीटवरून शिकवतोय तो कोण?" तेव्हा ते सहज म्हणाले, "माझा मुलगा," आणि क्लच कसा सोडायचा ते पुढे सांगत राहिले. राघू अठरा वर्षांचा झाल्यावर डॉक्टरबाईंनी त्याला हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे नेलं. काय होईल, काय होणार नाही, काय परत फिरवता येणार नाही, सगळं बसून समजून घेतलं. त्याने वेळ घेतला. मग स्वतः ठरवलं. आवाज जाड झाला तेव्हा आठवडाभर तो घरात उगाचच मोठ्याने बोलत हिंडत होता.

एक दिवस डॉक्टरबाईंच्या खोलीत एक आईवडील आणि त्यांचं चौदा-पंधरा वर्षांचं, मान खाली घातलेलं मूल आलं. "थोरल्या सरांनी पाठवलंय," वडील म्हणाले. "म्हणाले, यातलं तुम्हाला जास्त कळतं." बाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांना वाटलं, कान दगा देतोय. त्यानंतर सरांनी आणखी एक कुटुंब पाठवलं, मग आणखी. शेवटी सरांनीच अधीक्षकांकडे जाऊन शब्द टाकला आणि अशा मुलांसाठी शनिवारची वेगळी ओपीडी मंजूर करून आणली. खोली मिळाली ती एक्स-रेच्या जुन्या फिल्म्स ठेवायची. फिल्म्स हलवल्या, खिडक्या घासल्या, भिंतींना रंग दिला. रंग कोणता यावर राघू आणि डॉक्टरबाई यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी सिस्टरने दोघांना न विचारता पिवळा लावून टाकला.

पहिल्या शनिवारी दार उघडायच्या आधीपासून व्हरांड्यात माणसं उभी होती. आया, वडील, एक आजोबा, एकटीच आलेली एक मुलगी, हातात हात धरून बसलेली दोन भावंडं. खुर्च्या केव्हाच संपल्या. डॉक्टरबाईंना आपल्याच खोलीत शिरायला वाट मिळेना. टोकाला एक उंच, धिप्पाड गृहस्थ पाठ करून उभे होते आणि बायकोला सांगत होते, "हे सगळं थोतांड आहे. मी निघालो."

त्यांच्या वाटेत मास्तर आडवे आले. दोन हातांत चहाचे दोन कप. "निघा की," मास्तर म्हणाले, "पण हा तेवढा संपवून जा. वाईट असतो, पण गरम असतो. पोराला आणलंय ना इथवर? मग चहा होईपर्यंत तरी थांबा." त्या गृहस्थांना नाही म्हणायला हात मोकळा राहिला नाही, कप हातात आला होता. ते भिंतीला टेकले. मास्तरही शेजारी टेकले, आणि दोघं चहा पिऊ लागले.

जिन्यावरून राघू कँटीनच्या खुर्च्यांची चळत डोक्यावर घेऊन वर येत होता. "सरका, सरका," तो ओरडत होता, "बसायला आणलंय! आजोबा, ही तुम्हाला. ताई, तू इकडे ये, खिडकीशी वारा येतो." डॉक्टरबाईंनी पिवळ्या खोलीचं दार दोन्ही बाजूंनी सताड उघडलं, आपली खुर्ची तिरकी करून ठेवली आणि व्हरांड्याकडे बघून म्हणाल्या, "चला, पहिलं कोण येतंय?"

घरी जिला अजून सगळे "तो"च म्हणत, ती एकटीच आलेली मुलगी उठली. "मी येते," म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि आत गेली.